एका कुरणातली दोन मेंढरे

मुळगावात मेंढरू हे नवलाचे जनावर. गाय, म्हैस, नांगराचा बैल, दारात बांधलेला बोकड ही सर्व आमच्या ओळखीची. डिचोली-सत्तरीच्या डोंगरांतून राहणारे गवळी-धनगर म्हशी आणि शेळ्या राखीत आले, हेही आम्ही लहानपणापासून पाहिले. परंतु मेंढरांचा कळप पाहावयाचा तर घाट चढून बेळगावच्या बाजूस जावे लागे. म्हणून आमच्या आजोबांनी एका वर्षी फाल्गुनात घाटावरच्या बाजारातून दोन मेंढरे विकत आणली, तेव्हा वाड्यावरची सगळी मुले आमच्या मांगरापाशी गोळा झाली होती. दोन्ही वर्षाच्या आतबाहेरच्या माद्या. एक निव्वळ काळी. दुसरीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिला आम्ही टिकली म्हणू लागलो.

उन्हाळा बरा गेला. मृगाचा पाऊस लागला आणि मांगरामागच्या मोरडीत गुडघाभर गवत आले. मेंढरे दिवसभर तेथेच चरत. आषाढ संपत आला तसा काळीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. ती मागे राहू लागली, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या पडल्या, आणि श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी ती उठलीच नाही. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी देवचाराचे नाव घेतले. जाणत्यांनी सांगितले की घाटावरचे जनावर आमच्या पावसात जगत नाही, ह्यात आश्चर्य ते काय? आजोबांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘मग ही दुसरी कशी जगली?’ कारण टिकली त्याच मोरडीत, त्याच पावसात चरत होती, आणि दिवाळीला चांगली गुटगुटीत होती.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आम्हांस पुष्कळ वर्षे लागली. नोकरीनिमित्त देशावर राहणे झाले, धनगरांच्या वाड्यांवर बसणे-उठणे झाले, आणि पशुवैद्यकाचे ग्रंथ चाळता चाळता आजोबांच्या मोरडीत त्या पावसात काय चालले होते ते हळूहळू उलगडले. स्मरणिकेच्या संपादकांनी काहीतरी अभ्यासाचे लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा हाच विषय प्रथम आठवला. विषय जंतांचा आहे. जेवणापूर्वी न वाचल्यास बरे.

मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट ह्या तिहींत चारा साठतो, आंबतो, दळला जातो. चौथे ते खरे पोट; आपल्या जठराप्रमाणे तेथे आम्लरस सुटतो. ह्या चौथ्या पोटात राहणाऱ्या जंतांपैकी उष्ण प्रदेशात सर्वांत घातक तो हिमोंकस कंटॉर्टस. मादी इंचभर लांब, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक. तिचे आतडे प्यालेल्या रक्ताने तांबडे दिसते आणि त्याभोवती पांढऱ्या बीजकोशांचा पीळ असतो. विलायतेकडे न्हाव्याच्या दुकानासमोर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पिळदार खांब उभा करीत, त्यावरून तिकडे ह्याला न्हाव्याच्या खांबाचा जंत म्हणतात.

एक जंत दिवसाकाठी मेंढीचे सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात पाच हजार जंत असले, आणि जोराच्या लागणीत तेवढे असतात, तर रोजचे २५० मिलिलिटर रक्त गेले. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या अंगात रक्त मुळी दोन लिटरांच्या आसपास. रोज अष्टमांश रक्त गेल्यावर जनावर किती दिवस उभे राहील? रक्तातले प्रथिन कमी झाले की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपते आणि चरताना खाली असलेल्या डोक्याकडे, जबड्याखाली साचते. काळीच्या गळ्याखालची पिशवी ती हीच. हगवण न लागता जनावर जाते, म्हणून पुष्कळांस पोटाच्या विकाराची शंकाही येत नाही.

ह्या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली तर अंडे फुटून अळी होते, शेणातले सूक्ष्म जीव खाऊन वाढते, दोनदा कात टाकण्याच्या बेताला येते, आणि दुसऱ्या वेळी जुनी कात अंगावरच ठेवते. ही कात म्हणजे तिचे खोळ. खोळीमुळे ती कोरड्यापासून काहीशी बचावते, परंतु तोंड झाकल्यामुळे तिला काही खाता येत नाही. साठवलेल्या शिदोरीवर दिवस काढावे लागतात. अनुकूल हवेत अंड्यापासून येथपर्यंतचा प्रवास आठवड्याभरात होतो. मग गवताच्या पात्यावरच्या पाण्याच्या पातळ थरातून ती वर चढते, तीही फार नव्हे, बहुतेक चार-पाच बोटांपर्यंतच. मेंढी बुंध्याशी गवत कुरतडते आणि अळी पोटात जाते. कोठीपोटात खोळ गळते, चौथ्या पोटात अळी अस्तराच्या ग्रंथींत शिरते, पुन्हा कात टाकते, आणि सुमारे तीन आठवड्यांत तिची अंडी लेंड्यांत दिसू लागतात.

आता आमच्या गोव्याच्या पावसाळ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हवेत ना थंडी ना कडक ऊन, चार महिने गवत ओले. हिमोंकसच्या अळीला ह्याहून चांगला पाळणा कोणी बांधून द्यावयाचा? ज्या फलटण-माण भागातून मेंढरे येतात तेथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या घरात, बाकीचे महिने अळी उन्हाने करपते. पशुगणनेत महाराष्ट्रात २०१९ साली सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या आणि गोव्याच्या रकान्यातला आकडा नगण्य राहिला, त्याचे एक मोठे कारण ह्या ओल्या गवतात आहे. गावच्या जाणत्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरेच होते.

पण टिकली?

कोकरू प्रथम गवताला तोंड लावते तेव्हा त्याच्या शरीराला ह्या शत्रूची ओळख नसते. आलेल्या अळ्यांपैकी पुष्कळ त्याच्या पोटात ठाण मांडतात. थोड्या थोड्या अळ्या वारंवार येत राहिल्या म्हणजे शरीर त्यांना ओळखू लागते. चौथ्या पोटाच्या अस्तरात विशिष्ट पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तरावरचा बुळबुळीत पदार्थ दाट होतो, त्यात जंताला चिकटणारी प्रतिद्रव्ये उतरतात. ही तयारी पुरी व्हावयास कोकराचे पहिले काही महिने जातात, आणि ती प्रत्येक कोकरात सारखी होत नाही. ज्याच्यात चांगली होते त्याच्या पोटात जंतांची दशा काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

सर्व जंत मरतात असे बिलकूल नाही. आपण प्रतिकारशक्ती म्हटले की तलवारीचे युद्ध डोळ्यांपुढे आणतो. येथे प्रकार असहकाराचा आहे. काही अळ्यांना अस्तरापर्यंत पोहोचूच दिले जात नाही. बुळबुळीत थरात अडकून त्या एक-दोन दिवसांत वाहून जातात. काही ग्रंथींत शिरतात, पण तेथेच चौथ्या अवस्थेत वाढ खुंटून पडून राहतात. काही मोठ्या होतात, मात्र खुरटलेल्या. आणि खुरटलेली मादी अंडी कमी घालते. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी तिकडच्या थंड हवेतल्या पोटातल्या जंतावर, टेलाडोर्सेजियावर, ह्याचा कसून अभ्यास केला आणि १९९७ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले की लहान कोकरांना जंतांची संख्या फारशी आवरता येत नाही. ती जंतांची लांबी आवरतात. संख्या आवरणे वय वाढल्यावर जमते. जंताची लांबी आणि तिची अंडी ह्यांचा संबंध इतका निकट आहे की जंत मोजपट्टीने मोजले तरी मेंढीची ताकद कळावी.

प्रसंगी शरीर एकदम झाडू मारते. १९२९ साली अमेरिकेत नॉर्मन स्टोल ह्या शास्त्रज्ञाने कुरणात चरणाऱ्या कोकरांच्या लेंड्यांतली अंडी दिवसेंदिवस मोजली. आकडा चढत चढत गेला आणि मग काही औषध दिलेले नसता घसरून जवळजवळ शून्यावर आला. पुढेही ती कोकरे त्याच कुरणात चरत राहिली तरी आकडा पुन्हा तसा चढला नाही. ह्याला त्याने आपोआप बरे होणे असे नाव दिले. पुढच्या संशोधनात दिसून आले की तयार झालेल्या मेंढीच्या पोटात नव्या अळ्यांचा लोंढा आला म्हणजे अस्तराला जबरदस्त खवळ सुटते आणि तीत जुने, बस्तान बसवलेले जंतही बाहेर फेकले जातात. नव्या पाहुण्यांमुळे जुन्या भाडेकरूंना घर सोडावे लागावे, तसे हे आहे. मोठ्या पावसानंतर काही मेंढरे अचानक सुधारल्यासारखी दिसतात, त्याचे रहस्य काही अंशी येथे असावे असे आम्हांस वाटते. नव्या चाऱ्याचा गुण म्हणून आम्ही ते सोडून देत असू.

ही शक्ती कायमची ठेव मात्र नव्हे. मेंढी व्याली आणि दूध देऊ लागली की काही आठवडे ती ढिली पडते. पोटातले जंत पुन्हा जोराने अंडी घालू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी अननुभवी कोकरू आईच्या पायांत पहिले गवत कुरतडत असते. खाण्यात प्रथिने कमी पडली तरीही हाच प्रकार. दुष्काळी वर्षात अर्धपोटी राहिलेली मेंढी पुढच्या पावसात आधी पडते. तिच्या रक्तात दोष असतो असे नाही, शस्त्रे घडवावयास लोखंडच पुरेसे नसते.

येथवर एकेका मेंढीचा विचार झाला. कळपाकडे पाहिले म्हणजे खरी मौज दिसते. शंभर मेंढरांच्या लेंड्या तपासल्या तर अंडी सर्वांत सारखी वाटलेली आढळत नाहीत. थोड्याशाच जनावरांच्या पोटात बहुतेक जंत असतात आणि उरलेल्या मोठ्या भागात थोडेसे. कुरण खराब करण्याचे काम ती थोडी जनावरे करतात. त्याचा दंड सर्व कळप भरतो. उलट ज्यांच्या पोटात जंत खुरटतात ती मेंढरे कुरणावर अंडी कमी टाकतात, म्हणजे त्यांच्या ताकदीचा लाभ शेजारच्या दुबळ्या कोकरालाही मिळतो. कळपातले बहुसंख्य जंत कोणत्याही वेळी मेंढ्यांच्या पोटात नसून बाहेर गवतावर, अंडी-अळ्यांच्या रूपात असतात. बाहेरच्या ह्या साठ्याला पोटातल्या प्रतिकारशक्तीने आटवता येते, हा ह्या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

एक भेद येथे जपला पाहिजे. जंत रोखणे निराळे आणि जंत सोसणे निराळे. काही मेंढरे पोटात भरपूर जंत वागवूनही धडधाकट दिसतात. रक्त गेले तेवढे भरून काढतात. पाहणाऱ्याला ती उत्तम वाटतात. पण लेंड्या तपासल्या तर हीच सर्वांत जास्त अंडी पेरत फिरताना सापडतात. आमच्या टिकलीचे काय होते? ती रोखणारी होती की सोसणारी? तिच्या लेंड्या त्या वेळी कोणी तपासल्या नाहीत, तेव्हा आता कळावयास मार्ग नाही. ती नुसती सोसणारी असेल तर एक अप्रिय निष्कर्ष निघतो. लहानशा त्या मोरडीत जेवढ्या अळ्या होत्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक तिच्याच लेंड्यांतून आल्या असतील, आणि काळीला देवचाराने नव्हे, टिकलीने मारले असेल. आजोबा आज असते तर हे त्यांना कसे सांगितले असते, कोण जाणे. टिकलीवर त्यांचा फार जीव.

जंतांवर औषध आहेच, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील. औषधांचा इतिहास थोडक्यात असा. १९६१ साली थायाबेंडाझोल नावाचे औषध निघाले. एक मात्रा पाजली की पोट साफ. जगभर मेंढपाळांनी सुटकेचा श्वास टाकला. १९६४ साली त्याला दाद न देणाऱ्या हिमोंकसच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या; आपल्या देशात अशी नोंद १९७६ साली छापली गेली. पुढे लेव्हामिझोल आले. १९८१ साली आयव्हरमेक्टिन आले, ज्याच्या शोधाबद्दल विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा ह्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दक्षिण आफ्रिकेतले जंत त्यालाही दहा वर्षांच्या आत पुरून उरले. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी नव्या जातीचे औषध विक्रीस आले आणि २०१३ साली तेथूनच ते निकामी ठरल्याचे वृत्त आले. औषध वाईट म्हणून हे होत नाही. सर्व कळपाला पुन्हा पुन्हा औषध पाजले म्हणजे त्याला पुरून उरणारे मूठभर जंत तेवढे वाचतात, आणि पुढची सर्व प्रजा त्यांची होते. आपणच निवड करून कणखर जंतांची पैदास करतो.

त्यावर दक्षिण आफ्रिकेत एक साधी युक्ती निघाली, तिला फमाचा म्हणतात. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून आतला रंग एका छापील तक्त्यावरच्या पाच छटांशी ताडून पाहावयाचा. लाल असेल तर औषध नाही. पांढरट चौथ्या-पाचव्या छटेला दिसली तरच द्यावयाचे. त्यामुळे पुष्कळ जंत औषधाच्या वाऱ्यालाही न येता राहतात आणि औषधाला दबणाऱ्या जंतांचे बी कुरणावर टिकते. सर्व जंत मारू नयेत, काही मुद्दाम राखावेत, ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हा आम्हांस चमत्कारिक वाटली होती. आज ती पटते. काळीची पापणी आजोबांनी पाहिली होतीच. तिचा अर्थ वेळेवर कळला नाही एवढेच.

लसही निघाली आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियात आलेली ही लस हिमोंकसच्याच आतड्यातल्या प्रथिनांपासून करतात. मेंढीच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात, जंत ते रक्त पितो, आणि स्वतःच्या आतड्यावरच घाला ओढवून घेतो. कल्पना मोठी कुशल. परंतु पावसाळ्यात पुनःपुन्हा टोचावी लागते, आणि हिंडत्या धनगराला ते कसे जमावे?

म्हणून दृष्टी पुन्हा मेंढीच्या स्वतःच्या शक्तीकडे वळते. ती आईबापांकडून येते काय? येते, पण सर्व नाही. लेंडीतल्या अंड्यांच्या संख्येत मेंढरामेंढरांत जो फरक दिसतो तो सोळा आणे धरला तर त्यातला सुमारे चार-पाच आणे आनुवंशिक असतो. उरलेला खाणे, वय, हवा, नशीब ह्यांचा. चार आणे कमी वाटतील. परंतु दूध देण्याच्या गुणात आनुवंशिकतेचा वाटा साधारण एवढाच आहे, आणि तेवढ्यावर जगातल्या गाईंचे दूध वाढवले गेले. ऑस्ट्रेलियात आर्मिडेल येथे मेरिनो मेंढ्यांचे दोन कळप ह्या गुणावर निवडीत गेले, एक जंतांना रोखणारा व दुसरा जंतांना बळी पडणारा. न्यूझीलंडमध्ये रोम्नी मेंढ्यांत तसेच झाले. काही पिढ्यांत दोन्ही ठिकाणी कळपांमध्ये ठळक अंतर पडले. आपल्या देशात राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने (स्थापना १९६२) मालपुरा आणि अविकालीन ह्या जातींत असे वेगळे वंश राखले.

हे वाचल्यावर शंका येणारच की, जंत जसे औषधाला शिकले तसे ह्या मेंढ्यांनाही शिकणार नाहीत काय? हीच शंका ऑस्ट्रेलियातील संशोधकांना आली. त्यांनी हिमोंकसच्या अनेक पिढ्या केवळ रोखणाऱ्या मेंढ्यांच्या पोटात वाढवल्या आणि त्या जंतांत काही विशेष बळ आले का ते तपासले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निर्वाळा असा की जंत तसे बदललेले आढळले नाहीत. औषध एकाच ठिकाणी घाव घालते; मेंढीचे शरीर दहा बाजूंनी कोंडी करते. दहाही वाटा एकदम शोधणे जंताला अवघड पडत असावे. पुढे कधीच जमणार नाही, अशी हमी मात्र आम्ही देणार नाही.

काही जाती तर निसर्गानेच निवडलेल्या आहेत. केनियातील मसाई लोकांची तांबडी मेंढी जंतांच्या प्रदेशात डॉर्पर ह्या भारदस्त जातीपेक्षा कमी मरते आणि अंडीही कमी टाकते, हे नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने दाखवले. आपल्याकडची तशी मेंढी बंगालच्या सुंदरबनातली. गरोल तिचे नाव. दहा-बारा किलोची एवढीशी. पण दलदलीत, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते आणि एका वेताला दोन-तीन कोकरे देते.

ह्या गरोल मेंढीला महाराष्ट्रात आणण्याचे श्रेय फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचे. बनबिहारी निंबकर ह्यांनी ती संस्था १९६८ साली स्थापन केली. ते इरावतीबाई कर्वे ह्यांचे जावई. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२१ साली ते निवर्तले. त्यांच्या कन्या चंदा निंबकर आणि सहकारी ह्यांनी ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने एक प्रकल्प हाती घेतला. त्याच्या नावातच जास्त कोकरे देणारी व जंतांना रोखणारी मेंढी हे दोन्ही हेतू होते. आपली दख्खनी मेंढी आणि कर्नाटकातली बन्नूर ह्यांचा गरोलशी संकर करून कोकरांची वाढ व लेंड्यांतली अंडी मोजण्यात आली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गरोलचे रक्त असलेल्या कोकरांत अंडी कमी दिसली. मात्र ती कोकरे वाढीला मागे होती. खाटीक वजनावर पैसे देतो, लेंडीतल्या अंड्यांवर नाही. तेव्हा धनगराची अडचण समजण्यासारखी आहे.

ह्यापुढचा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. गरोलचा जुळी देण्याचा गुण एकाच जनुकात आहे. त्याला फेकबी म्हणतात, आणि रक्ताच्या चाचणीने तो कोणत्या कोकरात आहे ते सांगता येते. ह्या कामी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे साह्य झाले. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या जातीशी संकर करीत अंगकाठी परत मिळवली आणि तेवढा एक जनुक राखला. निंबकर संस्थेची ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी अशी तयार झाली. जंतांना रोखण्याचा गुण असा एका गाठीत बांधलेला नाही. तो पुष्कळ जनुकांत थोडा थोडा विखुरलेला. प्रत्येक संकरात त्याचे पाणी पातळ होत जाण्याची भीती. तो राखावयाचा तर एकच वाट उरते. एडक्यांच्या लेंड्या मोजा, कमी अंड्यांचा एडका ठेवा, आणि हे एक वर्ष नव्हे, वर्षानुवर्षे करा.

मोजणे अवघड नाही. सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत १९३९ साली प्रसिद्ध झालेली रीत आजही चालते. तीन-चार ग्रॅम ताज्या लेंड्या मिठाच्या अगदी संपृक्त पाण्यात घोटावयाच्या व गाळावयाच्या. लेंडीचा गाळ जड, अंडी हलकी; ती तरंगून वर येतात. रेघा आखलेल्या काचेच्या छोट्या डब्यात ते पाणी भरून सूक्ष्मदर्शकाखाली रेघांमधली अंडी मोजावयाची आणि हिशेब करून दर ग्रॅमला किती ते काढावयाचे. मिठाच्या बाबतीत पेडण्याच्या आगरवाड्याचे मीठ जगातल्या कोणत्याही मिठाइतकेच चांगले काम देईल.

शास्त्र निघण्यापूर्वी धनगरांनी काय केले? आम्ही सातारा जिल्ह्यात असताना दसरा-दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणाकडे निघालेले पाहत असू. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी, मागे मेंढरे. भात कापलेल्या शेतांत मेंढरे बसवावयाची, खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा घ्यावयाचा, आणि मृगाच्या आत पुन्हा घाट चढून कोरड्या माळावर जावयाचे. एका वाड्यावर आम्ही एका वृद्ध धनगरास विचारले, ‘मामा, पावसाळाभर खालीच राहिलात तर? चारा तर रग्गड.’ तो म्हणाला, ‘चारा हाय, पर तो मेंढराला खातो.’ जंताची अळी त्याने पाहिली नव्हती. पण एका जागी मेंढरू फार दिवस ठेवू नये आणि ओल्या मुलखात मुळीच ठेवू नये, हे त्याच्या बापजाद्यांनी मेलेल्या मेंढरांवरून शिकून ठेवले होते. आजोबा त्याला भेटले असते तर काळी कदाचित वाचली असती.

मुळगावातल्या वाचकांना ह्यातले काय उपयोगी? मेंढ्या येथे नाहीत, पण शेळ्या पुष्कळ घरी आहेत, आणि हिमोंकस शेळीलाही होतो. किंबहुना शेळी ह्या बाबतीत मेंढीहून दुबळी. तिचे पूर्वज झुडपांचा पाला ओरबाडीत आले, तोंड वर. अळी चार बोटांच्या वर चढत नाही, त्यामुळे तिच्याशी झुंजण्याची शेळीला गरजच फारशी पडली नाही. आता दाव्याला बांधून बुंध्याशी गवत कुरतडावयास लावले की ती मेंढीपेक्षा लवकर पडते. शिवाय शेळीचे शरीर बरीचशी औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीच्या मापाने दिलेली मात्रा तिला अपुरी पडण्याचा संभव असतो. माप पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. पावसात शेळ्या फळ्यांच्या उंच माच्यावर ठेवणे, फणसाचा पाला तोंडाच्या उंचीवर टांगणे, दव वाळल्यावर मगच चरावयास सोडणे, एका जागी सारखे न बांधणे, एवढे आमच्या आयाबहिणींच्या हातचे आहे.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्याकडे बहुधा एका वाड्यात एकच बोकड असतो आणि दहा-बारा घरच्या शेळ्या त्याच्यापाशी नेतात. म्हणजे त्याच्या पोटातला गुण वा अवगुण दोन वर्षांत सगळ्या वाड्याच्या गोठ्यांत पोहोचतो. त्याची उंची, कान, रंग सर्व पाहतात. लेंडी कोणी पाहत नाही. शेळीत हा गुण मेंढीइतका ठळक उतरत नसला तरी उतरतो. माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, रेघांची एक काच आणि किलोभर मीठ एवढ्या सामग्रीवर आमच्या विश्वस्त मंडळाला शाळेच्या मुलांकडून गावातल्या बोकडांची मोजणी करून घेता येईल. लेंड्या सकाळच्या, ताज्या हव्यात. मोजणीपूर्वी सहा-आठ आठवडे त्या बोकडाला जंतांचे औषध दिलेले नसावे. श्रावण-भाद्रपदात एकदा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यांत पुन्हा, अशी निदान दोनदा मोजणी व्हावी. दोन बोकडांच्या मालकांशी आम्ही बोललो आहोत. एक हसला, पण दोघेही लेंड्या द्यावयास तयार आहेत.